शेतघरच्या यवसुरेची पारख : शब्द, चव आणि निकष

एखादा पदार्थ चांगला की वाईट हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे तो इतिहासाचा आणि भाषेचाही प्रश्न होऊन बसतो. उत्तर व पश्चिम युरोपातील शेतघरांत शतकानुशतके तयार होत आलेली यवसुरा, म्हणजे बिअर, हे याचे एक बोलके उदाहरण होय. आज युरोप-अमेरिकेतील पेयस्पर्धांत 'शेतघरची' हे विशेषण एका ठरावीक चवीचे नाव म्हणून वापरले जाते. मसाल्याचा किंचित गंध, कोरडा शेवट, भरपूर फेस, एवढे आढळले की परीक्षक 'ही शेतघरची चव' असा अभिप्राय देतो. पण हे विशेषण मुळात उगमवाचक होते. पेय कोठे व कोणी केले एवढेच ते सांगे, ते कसे लागते हे सांगत नसे. उगमवाचक शब्द गुणवाचक कसा झाला, आणि त्या अर्थांतरामुळे पारख करणाऱ्याची कोणती फसगत होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शब्दांची साक्ष

शेतघरची यवसुरा म्हणजे शेतकऱ्याने मुख्यतः स्वतःच्या शेतातील धान्यापासून, स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या घरच्या उपयोगासाठी केलेले पेय. जवाचे दाणे भिजवून त्यांना मोड आणावयाचे व ते वाळवावयाचे, की माल्ट तयार होते. ते भरडून गरम पाण्यात मुरवले म्हणजे गोड अर्क निघतो. त्यात किण्व घातले की तो आंबतो आणि त्याची यवसुरा होते. क्रम सर्वत्र हाच. परंतु माल्ट कोणत्या जळणावर वाळवावयाचे, अर्क उकळावयाचा की नाही, त्यात हॉपची फुले घालावयाची की जुनिपरच्या फांद्या, या प्रत्येक बाबतीत प्रांताप्रांताची रीत निराळी.

या पेयाची नावे मात्र विलक्षण एकजिनसी आहेत. नॉर्वेजियन भाषेतील 'ओल', इंग्रजीतील 'एल' आणि लिथुएनियन भाषेतील 'आलुस' ही एकाच शब्दाची रूपे होत. फिनिश भाषा इंडो-युरोपीय कुळातील नव्हे. तरीही तिच्यातील 'ओलुत' हा शब्द याच शेजाऱ्यांकडून आलेला आहे. शब्द एका घरून दुसऱ्या घरी गेला, त्या अर्थी वस्तूही तशीच गेली असावी, हे अनुमान येथे वावगे ठरू नये.

याहून उद्बोधक शब्द किण्वासाठी आहे. पश्चिम नॉर्वेतील बोलींत घरच्या किण्वाला 'क्वाइक' म्हणतात. प्राचीन नॉर्स भाषेतील 'क्विक्र' म्हणजे जिवंत आणि 'क्वेक्या' म्हणजे पेटविणे, चेतविणे. त्या शब्दकुळातील हा शब्द होय. इंग्रजीतील 'क्विक' या शब्दाचा मूळ अर्थही जिवंत असाच होता. लॅटिनमधील 'वीवुस' आणि संस्कृतातील 'जीव' हे शब्द याच मूळ धातूपासून निघालेले असल्यामुळे मराठी बोलणारा ज्याला सहज 'जीव' म्हणतो, त्याच शब्दाचे दूरचे भावंड नॉर्वेच्या शेतकऱ्याच्या तोंडी किण्वाचे नाव म्हणून नांदत आले आहे. किण्व हा सजीव आहे हे लुई पाश्चर यांच्या संशोधनाने एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित झाले आणि १८७६ मध्ये त्यांनी यवसुरेवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या शेतकऱ्याने आपल्या अनुभवाचे वर्णन त्याआधी किती तरी काळ याच दिशेने केले होते. अर्क निपचित पडलेला असतो. त्यात काही तरी घालावे लागते आणि मग तो चेततो. दुधाला विरजण लावणाऱ्या घरांना हा अनुभव परका नाही.

बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनिया प्रांतातील 'सेझाँ' या यवसुरेचे नावही असेच पाहण्याजोगे आहे. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ऋतू किंवा हंगाम. पण तो ज्या लॅटिन 'सातिओ' शब्दापासून आला त्याचा अर्थ पेरणी असा होता. म्हणजे 'क्वाइक' काय किंवा 'सेझाँ' काय, दोहोंपैकी एकही शब्द चवीचा नाही. एक चेतनेचा आहे, दुसरा काळाचा आहे. चवीचा अर्थ त्यांना मागाहून चिकटला.

२. घरची पारख

चवीचे नाव नव्हते म्हणून चवीची पारख नव्हती असे मात्र नाही. पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलातिंग कायद्यात यवसुरा करणे हे शेतकऱ्याचे कर्तव्यच मानले होते. ठरलेल्या सणाला किमान तीन शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पेय सिद्ध करावे, नाताळच्या रात्री ते ख्रिस्त व मेरी यांना वाहून सुगी व शांती मागावी, आणि हे कर्तव्य टाळणाऱ्याने दंड भरावा, अशी त्यातील व्यवस्था आहे. लागोपाठ तीन वर्षे जो हे करणार नाही त्याची मालमत्ता जप्त होऊन तिचा अर्धा भाग राजाकडे व अर्धा बिशपकडे जाई. जेथे पेय करणे हा धर्माचा व कायद्याचा भाग होता, तेथे ते बिघडणे ही केवळ घरगुती अडचण नव्हती. चारचौघांतील पत त्यावर अवलंबून होती.

ही पारख प्रत्यक्षात कशी होई, याची माहिती विसाव्या शतकात पद्धतशीरपणे गोळा झाली. नॉर्वेजियन लोकजीवनाचा अभ्यास करण्यासाठी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या 'नॉर्स्क एत्नोलॉगिस्क ग्रान्स्किंग' या संस्थेने १९५० च्या दशकात गावोगावच्या माहितगारांकडे यवसुरेविषयी प्रश्नावली पाठविली. आलेल्या उत्तरांच्या आधारे ऑड नॉर्डलँड यांनी १९६९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे लार्श मारिउस गारशोल यांनी नॉर्वे, लिथुएनिया इत्यादी देशांतील शेतघरांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली व २०२० मध्ये शेतघरच्या पेयनिर्मितीच्या रीतींवर विस्तृत ग्रंथ लिहिला. या दोन टप्प्यांच्या अभ्यासामुळे जे चित्र उभे राहते ते असे.

किण्व घालताना नॉर्वेत काही ठिकाणी मोठ्याने आरोळी ठोकीत. आरोळी जितकी जोरकस तितके पेय कडक, अशी समजूत होती. किण्व घालण्याचे तापमानही आजच्या कारखान्यांना आश्चर्यकारक वाटावे असे, सुमारे ३० ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे कोमट दुधासारखे असे. त्यामुळे आंबण्याची क्रिया फार झपाट्याने होई आणि दोन-तीन दिवसांत पेय पिंपात भरता येई. ते पिंपात भरण्याच्या वेळी शेजारीपाजारी चव घेण्यासाठी जमत. या जमण्याला पश्चिम नॉर्वेत 'ओप्स्कोके' असे नाव आहे. हेच तेथील परीक्षकमंडळ होय. त्याला गुणपत्रिका नव्हती. परंतु निकष निश्चितच होते. पेय आंबट झालेले नसावे, माल्टाच्या बाबतीत हात आखडता घेतलेला नसावा, ते अंगात जोम आणणारे असावे, आणि ज्या सणासाठी ते केले त्या सणाला ते पुरावे.

या पारखीचा परिणाम मात्र कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा दूरवर पोहोचणारा होता. चांगल्या उतरलेल्या पेयातील किण्व लाकडाच्या छिद्रे पाडलेल्या ओंडक्यावर, गुंफलेल्या लाकडी कड्यांवर किंवा कापडावर घेऊन वाळवून ठेवीत. ज्याचे किण्व बिघडले तो शेजाऱ्याकडून मागून आणी. साहजिकच ज्या घरचे पेय शेजाऱ्यांना पसंत पडे, त्या घरचे किण्व गावभर पसरे; जे पसंत पडत नसे ते मागे पडून नाहीसे होई. येथे चव घेणे हा केवळ अभिप्राय नव्हता, ती निवड होती. शेतकरी जसे पुढील वर्षासाठी उत्तम कणसातील बियाणे राखतो, तसेच हे होते. फरक एवढाच की बियाणे डोळ्यांनी निवडता येते, किण्व जिभेने निवडावे लागते.

या अनुमानाला प्रयोगशाळेचाही आधार मिळाला आहे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी इतर देशांतील सहकाऱ्यांच्या साहाय्याने क्वाइकच्या अनेक नमुन्यांची तपासणी केली आणि २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे किण्व रानटी नसून माणसाळलेले आहे, आणि यवसुरेच्या ज्ञात किण्वांमध्ये त्याचा स्वतंत्र गट पडतो, असे त्यांना आढळले. उष्णता सोसणे, झपाट्याने आंबविणे आणि वाळवूनही जिवंत राहणे हे त्याचे गुण म्हणजे शेतघराच्या गरजांचे जणू प्रतिबिंबच होय.

३. हंगामाचे नाव, बाटलीची चव

वालोनियाचा इतिहास याहून निराळ्या वळणाने गेला. एनो परगण्यातील शेतघरांत थंडीच्या दिवसांत यवसुरा करून ठेवीत आणि उन्हाळ्यात हंगामी शेतमजुरांना ती देत, म्हणून तिला 'सेझाँ' म्हणू लागले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात तथ्यांश आहे. परंतु तेवढ्यावर थांबता येत नाही. थंडीच्या योग्य ऋतूत केलेली व टिकावयास ठेवलेली यवसुरा, हाही 'हंगामी' या शब्दाचा साधा अर्थ होता. शिवाय एकोणिसाव्या शतकात हे नाव शेतघरांपुरते मर्यादित नव्हते. ल्येज शहरातही सेझाँ तयार होत असे व तीत स्पेल्ट जातीचा गहू वापरीत. ज्या पेयाला आज शेतघराचे प्रतीक समजतात, त्याच्या नावाचा एक पाय असा शहरात होता.

त्याची जुनी चवही आजच्यासारखी एकसाची नव्हती. ब्रसेल्स येथील पेयनिर्माते इव्हान दे बात्स यांनी, फिल मार्कोव्स्की यांच्या २००४ मधील शेतघरी यवसुरांवरील ग्रंथात समाविष्ट असलेल्या आपल्या इतिहासनिबंधात असे प्रतिपादन केले की, जुनी सेझाँ आजच्यापेक्षा सौम्य असे आणि टिकाऊपणासाठी ती एक तर आंबटसर किंवा हॉपमुळे चांगलीच कडवट असे. त्यामागील व्यवहार समजण्यासारखा आहे. महिनोन्‌महिने पिंपात राहिलेल्या पेयात किण्वाबरोबर इतर सूक्ष्मजीवही शिरत. त्यांना कडूपणाने आवर घालावयाचा किंवा त्यांचा आंबटपणा पत्करावयाचा, हे दोनच मार्ग होते. आणि उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला दिवसभर पिता यावे एवढ्यासाठी पेय सौम्य असणे मालकाच्याही हिताचे होते.

विसाव्या शतकाने हे चित्र पालटले. १९०० च्या सुमारास बेल्जियममध्ये तीन हजारांहून अधिक पेयगृहे होती. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तांब्याची भांडी काढून नेली, त्यानंतर कारखान्यांची स्पर्धा वाढली, शेतीत यंत्रे आली आणि हंगामी मजुरांची गरजही उणावली. परिणामी लहान पेयगृहे भराभर बंद पडली. जी थोडी टिकली त्यांपैकी तूर्प गावातील द्यूपाँ पेयगृह हे सर्वांत प्रसिद्ध होय. तेथील शेतघरात १८४४ पासून यवसुरा तयार होत होती. १९२० मध्ये ते द्यूपाँ घराण्याकडे आले. त्यांची ६.५ टक्के मद्यांशाची सेझाँ बाटलीतच पुन्हा आंबते. त्यामुळे तिला भरपूर फेस येतो, गोडी जवळजवळ उरत नाही, आणि तिच्या किण्वामुळे तीत मिरी-लवंगेची आठवण देणारा गंध उतरतो.

१९७७ मध्ये इंग्लंडमधील लेखक मायकेल जॅक्सन यांनी जगातील यवसुरांचा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला आणि प्रकारवार वर्गीकरणाची पद्धत लोकप्रिय केली. त्यांच्या पुढील लेखनातूनही बेल्जियमची पेये इंग्रजी वाचकांच्या ओळखीची झाली. या लेखनाचे उपकार मोठे आहेत. विस्मृतीत जाऊ पाहणाऱ्या अनेक पेयांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले. परंतु वर्गीकरणाचा एक अपरिहार्य परिणाम असा की, जे उदाहरण हाताशी असते तेच पुढे लक्षण बनते. द्यूपाँची सेझाँ ही टिकून राहिलेल्यांतील एक होती. ती सेझाँची व्याख्या झाली. आणि सेझाँ हे शेतघरी यवसुरेचे सर्वांत परिचित उदाहरण असल्यामुळे तिची चव तीच 'शेतघरची चव' ठरली. भाषाशास्त्रात ज्याला अर्थसंकोच म्हणतात तो हा. फक्त येथे शब्दाबरोबर जीभही आकुंचन पावली.

४. गुणपत्रिकेचे बळ आणि मर्यादा

अमेरिकेत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' या संघटनेने परीक्षकांसाठी प्रकारांची लक्षणे आणि ५० गुणांची पत्रिका प्रचारात आणली. तीत सुगंधाला १२, दर्शनाला ३, चवीला २०, मुखस्पर्शाला ५ आणि एकूण ठशाला १० गुण असतात. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, 'छान' किंवा 'बरे नाही' एवढ्यावर न थांबता परीक्षकाला आपला अनुभव वेगवेगळ्या अंगांनी तपासून सांगावा लागतो. तिच्यामुळे चवीला सर्वत्र समजेल असा शब्दसंग्रह मिळाला, हे मान्य केले पाहिजे. ही लक्षणे अपरिवर्तनीय आहेत असेही नाही. २०१५ च्या आवृत्तीत सेझाँचे सौम्य, मध्यम व कडक आणि फिकट व गडद असे भेद मान्य करण्यात आले. म्हणजे इतिहासाने दाखविलेली विविधता काही अंशी लक्षणांतही आली.

अडचण उद्भवते ती ही पत्रिका तिच्या परिचयाबाहेरच्या पेयाला लावली म्हणजे. पश्चिम नॉर्वेत हॉर्निनदालसारख्या भागात अर्क न उकळताच आंबविण्याची रीत आहे. अशा पेयात प्रथिने अधिक राहतात. ते गढूळ, दाट व किंचित गवताच्या गंधाचे लागते आणि त्यात फेस जवळजवळ नसतो. व्हॉस भागात उलट अर्क तासन्‌तास आटवितात; त्यामुळे तो तांबूस होऊन त्याला भाजल्या साखरेची छटा येते. स्त्योर्दाल येथे माल्ट आल्डरच्या लाकडाच्या धुरावर वाळवितात आणि धूर हाच चवीचा प्राण असतो. फिनलंडमधील 'साहती' पावाच्या किण्वाने आंबते व तिला पिकल्या केळ्याचा वास येतो. २००२ मध्ये तिला युरोपीय संघाने पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले. ही चारही शेतघरचीच पेये आहेत. परंतु फेस नाही, गढूळपणा आहे, गोडी उरली आहे, या कारणांसाठी सेझाँवर जीभ तयार झालेला परीक्षक त्यांचे गुण कापील.

सर्वांत बोलका पुरावा पुन्हा किण्वाचाच आहे. ज्या मिरी-लवंगेच्या गंधाला 'शेतघरची चव' म्हणतात, तो काही किण्वांच्या विशिष्ट क्षमतेमुळे निर्माण होतो. धान्यातील एका आम्लाचे ती किण्वे सुगंधी फिनॉल द्रव्यात रूपांतर करतात. २०१८ च्या उपरोक्त तपासणीत असे दिसून आले की, क्वाइकच्या बहुतेक सर्व नमुन्यांतील ही क्षमता जनुकीय बदलांमुळे लोपलेली आहे. त्यांचा गंध फळांकडे झुकणारा असतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या किण्वाची शेतघरांनी पिढ्यान्‌पिढ्या जिभेने निवड केली, त्यातून तथाकथित शेतघरी गंध नाहीसा झालेला आहे. याउलट लिथुएनियाच्या काही शेतघरांतील किण्वांत मसालेदार गंध आढळतो. शेतघर एक नाही, तेव्हा शेतघरची चवही एक असू शकत नाही.

५. पारखीचा क्रम

यावरून परीक्षणच निरर्थक आहे, ज्याला जे आवडेल ते चांगले, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. 'ओप्स्कोके'ला जमलेले शेजारी मुळीच उदार नव्हते. आंबलेले ते आंबलेले आणि पातळ ते पातळ असेच म्हणत. प्रश्न निकष असावेत की नसावेत हा नसून ते कोठून घ्यावेत हा आहे.

म्हणून शेतघरच्या यवसुरेपुढे बसणाऱ्याने चव घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घेणे इष्ट होय : अर्क उकळला होता काय, किण्व घरचे की विकतचे, आणि पेय किती दिवसांचे आहे. न उकळलेली यवसुरा फार दिवस ठेवण्यासाठी नसतेच. ताजेपणी तिचा दाटपणा व गोडी हे गुण असतात, प्रवासात आठवडे गेल्यावर तीच आंबटावते, आणि मग दोष पेयाचा नसून प्रवासाचा असतो. त्यानंतर ते बर्फासारखे थंड न करता तळघराच्या गारव्याइतपत ठेवावे, कारण अतिथंडपणात माल्टाचा गंध दबतो. प्रथम वास घेऊन धूर, जुनिपर, फळे, मसाला यांपैकी काय आहे ते ओळखावे. मग घोट घेऊन गोडी, कडवटपणा व आंबटपणा यांचा तोल पाहावा. घोट उतरल्यावर तोंडात काय मागे राहते त्याची नोंद करावी. फेस नसणे हा दोष तेथेच धरावा जेथे फेस अपेक्षित आहे. आंबटपणा हा दोष नॉर्वेच्या ताज्या पेयात निश्चित धरावा. पिंपात मुरविलेल्या जुन्या पद्धतीच्या सेझाँत तोच गुण असू शकतो. आणि अखेरचा प्रश्न त्या घरचा असावा : ज्या प्रसंगासाठी हे केले त्या प्रसंगाला ते शोभते काय?

हा प्रश्न आज केवळ रसिकतेचा राहिलेला नाही. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये शुद्ध किण्व वेगळे काढण्यात यश मिळविल्यापासून कारखान्यांतून एकेका निवडक किण्वाचा वापर वाढला. शेतघरचे किण्व मात्र बहुधा अनेक प्रकारांचे मिश्रण असते. ते वापरात राहिले तरच टिकते. विसाव्या शतकात विकतचे किण्व सहज मिळू लागले तेव्हा अनेक घरांनी आपले किण्व टाकून दिले, आणि त्याबरोबर त्या गावच्या जिभेने केलेली पिढ्यांची निवडही संपली. काही किण्वे आता प्रयोगशाळांत जतन झाली आहेत व क्वाइक जगभर विकतही मिळते. परंतु कोणते किण्व पुढे चालवावयाचे हे यापुढे ज्यांच्या पसंतीवर ठरेल त्यांत दूरदेशीचे परीक्षकही आहेत. त्यांनी सगळ्याच पेयांना एकाच चवीचे माप लावले, तर शेजाऱ्यांनी राखलेले वैविध्य परीक्षकांच्या हातून नष्ट होण्याचा धोका आहे. पारख ही नेहमीच निवड असते. शेतघरांना हे ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी आपल्या किण्वाला चवीचे नाव न देता जिवंतपणाचे नाव दिले.